जोडीदाराचं मूल आणि आपण: पहिला पावसाळा निभावताना

माझं बिऱ्हाड मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत आलं त्याला आता तीन वर्षं होतील. मी घाटावरची, कऱ्हाडकडची. जोडीदार इथलाच, बोटीवर जाणारा. आमचं लग्न झालेलं नाही, एकत्र राहतो. त्याचा मुलगा त्याच्याकडे असतो आणि मुलाची आई नोकरीसाठी डोंबिवलीला. मुलाचं नाव इथे लिहिणार नाही. त्याची आजी त्याला ‘झील’ म्हणते, म्हणजे मालवणीत मुलगा. तेच इथे चालवते.

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघाचौघांनी फोन करून जवळपास एकच प्रश्न विचारला: आता त्याच्या किंवा तिच्या घरी राहायला जायचं ठरलंय, घरात मूल आहे, आपण नक्की काय करायचं आणि काय करायचं नाही? प्रत्येकाला तासतासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बोटीवर नवा खलाशी आला की पहिल्या दिवशी सुकाणू धरत नाही. तो जाळं ओढतो, मासे निवडतो, फळ्या धुतो. कुठे वळायचं ते तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ठरवतो. जोडीदाराच्या मुलाच्या बाबतीत तुम्ही पहिल्या हंगामाचे खलाशी आहात. कामं हवी तेवढी अंगावर घ्या, हुकूम सोडायची घाई करू नका. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पायरी १: सामान हलवायच्या आधी

घर बघायला जाता तसं दोन-चारदा जाऊन राहा, पण पाहुण्यासारखं. मूल घरात कसं वावरतं ते बघा: कुठे बसून जेवतं, कुणाच्या शेजारी झोपतं, रडलं की कुणाकडे जातं. आमचा झील रात्री बाबाजवळ झोपायचा आणि बाबा पहाटे उठून गेला की अंधारातच आजीच्या पांघरुणात शिरायचा. हे मला आधी कळलं नसतं, तर ‘आता मोठा झालास, वेगळ्या खोलीत झोप’ असं शहाणपण मी पहिल्याच आठवड्यात शिकवलं असतं.

मग जोडीदाराशी बोलणं. प्रेमाचं नाही, व्यवहाराचं. सकाळी कोण उठवणार, शाळेत कोण सोडणार, ताप आला तर रजा कोण घेणार, फी आणि कपड्यांचा खर्च कुणाचा, मोबाईल किती वेळ, मारायचं की नाही. शेवटच्या मुद्द्यावर आमचं खूप वाजलं. त्याच्या लहानपणी फोकानं मार खाणं हे रोजचंच, त्यामुळे ‘एखादी चापट’ त्याला मोठी गोष्ट वाटत नव्हती. मी सांगितलं, तू काय करायचं ते तू ठरव, पण माझा हात या पोरावर कधीही उठणार नाही आणि तुझा उठला तर मी मध्ये येईन. हे आधीच बोलून ठेवल्याचा पुढे फार उपयोग झाला.

मुलाला ही गोष्ट कुणी सांगायची? त्याच्या आईनं किंवा बापानं. तुम्ही नाही, आणि वाडीनं तर मुळीच नाही. इथे बातमी भरतीच्या पाण्यापेक्षा लवकर आत शिरते. पोराला विहिरीवर किंवा एसटीच्या थांब्यावर दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर बाबानं आपल्यापासून लपवलं एवढंच त्याच्या डोक्यात राहतं. आणि मुलाची दुसरी पालक हयात असेल, संपर्कात असेल, तर तिलाही आधी सांगावं. परवानगी मागायची नाही, पण कळवायचं. झिलाच्या आईला जोडीदारानं स्वतः फोन केला. ती रागावली, चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी विचारलं, ‘ती मासे खाते का?’ मी खाते.

एक महत्त्वाची गोष्ट. जोडीदाराचा घटस्फोट कागदावर पूर्ण झालेला नसेल तर आधी तो होऊ द्या. का ते कायद्याच्या पायरीत सांगते.

पायरी २: हाक

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण मराठीत नात्याचं प्रत्येक नाव माणसाला एका जागी बसवतं. काकी म्हटलं की बाबाच्या भावाची बायको. आत्या म्हटलं की बाबाची बहीण, आणि ते तर भलतंच होईल. मावशी सगळ्यात सोपं, कारण भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्याच मावश्या असतात. आम्ही मावशी ठरवलं आणि डोंबिवलीहून निरोप आला, ‘मावशी म्हणजे माझी बहीण. ही माझी बहीण कधी झाली?’ तिचं चुकलं नव्हतं.

शेवटी आम्ही काहीच ठरवलं नाही. झील तीन महिने मला ‘ओ’ म्हणायचा. ‘ओ, पाणी.’ ‘ओ, बाबा आले काय?’ मग एक दिवस माझ्या नावापुढे ‘ताय’ लावलं आणि तेच रुळलं. ‘आई म्हण’ असं मुलाला कधीही सांगू नका. जोडीदार उत्साहात सांगत असेल तर त्याला बाजूला घेऊन थांबवा. ती जागा रिकामी असली तरी रिकामी म्हणून भरायची नसते, आणि आमच्याकडे तर ती रिकामीही नव्हती.

पायरी ३: कामं वाटून घ्या, आणि कागदावर घ्या

आमच्याकडे बाबा पहाटे तीन-चारला निघतो, दुपारी येतो, कधी येतही नाही. सकाळचं सगळं आजी करायची, तिचे गुडघे दुखायचे. त्यामुळे कामं आपोआप माझ्याकडे येणार होती. तरीही आम्ही कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे लिहून काढली. लिहिल्याशिवाय दोन गोष्टी होतात: बाईकडे सगळं सरकत जातं, किंवा आलेला माणूस पाहुणाच राहतो.

कामं निवडताना एक चाळणी लावा. ज्यात मुलाला काही करायला लावावं लागत नाही, नुसतं त्याच्यासाठी करायचं असतं, ती कामं आधी घ्या. डबा, बाटली, कपडे, सायकलची हवा, वह्यांना कव्हर, शाळेपर्यंत सोबत. ज्यात मुलाला सांगावं लागतं, टोकावं लागतं, तपासावं लागतं, ती निदान सहा महिने आई-बापाकडेच ठेवा: अभ्यास घेणं, झोपायला पाठवणं, मोबाईल काढून घेणं, केस कापायला नेणं. आंघोळ घालणं तर मुलानं स्वतःहून बोलावल्याशिवाय नाहीच.

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं काम सांगते, त्यात कुठलंही मानसशास्त्र नाही. गणवेश वाळवणं. जून ते सप्टेंबर इथे कपडा वाळत नाही. पडवीत चार दिवस दोरीवर टांगलेली चड्डी पाचव्या दिवशी दमटच असते आणि वर कुबट वास. गणवेश दोन, त्यातला एक रोज चिखलानं भरलेला. आजी चुलीवरच्या दोरीवर टाकायची. झील दुसरीत होता. एकदा शाळेतून आला आणि दप्तर फेकून म्हणाला, ‘माझ्या शर्टाक धुराचो वास येता, सगळे मासो भाजलो म्हणतत.’ हे तो मला सांगत नव्हता, आजीला सांगत होता. मी ऐकलं. त्या रात्रीपासून गणवेश मी धुवायला लागले. आधी टॉवेलात गुंडाळून पिळायचा, मग पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरायचा, सकाळी वीज असेल तर इस्त्री. शिलाईवर इस्त्री फिरली की ‘सूं’ असा आवाज येऊन वाफ निघते, तोपर्यंत फिरवायची. कॉलर आणि खिसा शेवटी वाळतात. वीज गेलेली असेल तर आदल्या संध्याकाळीच उरकायचं, हे दोन-तीनदा फजिती झाल्यावर कळलं. झील काही बोलला नाही. पण आठवडाभरानं शाळेतून आल्यावर शर्ट चुलीकडे न नेता माझ्या खुर्चीवर आणून टाकायला लागला.

डब्याचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत दुपारचा पोषण आहार मिळतो, त्यामुळे छोट्या सुट्टीपुरता खाऊ दिला की झालं. मी सुरुवातीला उत्साहात कऱ्हाडचं कांदा-लसूण तिखट घालून थालीपीठ द्यायचे. डबा तसाच परत. आजीकडून घावणे शिकले. बिडाचा तवा जुना हवा, पीठ पातळ हवं आणि तवा तापला की नाही ते पाण्याचा थेंब टाकून बघायचं. पहिले दहा फाटले.

पायरी ४: शिस्त कुणाची

पहिलं वर्ष शिक्षा तुम्ही करायची नाही. नियम तुम्हाला सुचला तरी सांगायचा जोडीदारानं. ‘आपल्या घरात जेवताना मोबाईल नाही’ हे बाबाच्या तोंडून आलं की नियम असतो, माझ्या तोंडून आलं की जाच. मूल तुम्हाला ‘तू कोण सांगणारी?’ म्हणेल. आमच्याकडे चौथ्या महिन्यात म्हटलं गेलं. यावर सगळ्यात साधं उत्तर खरं असतं: ‘मी तुझी आई नाही, पण तुझे बाबा बोटीवर आहेत आणि घरात मोठं माणूस मी आहे. बाबांनी सांगून ठेवलंय तेवढंच मी बघते.’ आवाज न चढवता. मग संध्याकाळी बाबासमोर तोच विषय काढायचा, मुलाच्या देखत, चुगली वाटणार नाही असा.

यातून काही गोष्टी पूर्णपणे बाहेर ठेवा. पाणी, रस्ता, वीज, साप. तिथे तुम्ही पहिल्या दिवसापासून ओरडू शकता, हात धरून ओढू शकता, आणि हे मुलाला त्याच्या बापानं आधीच सांगून ठेवलेलं असावं. इथल्या विहिरींना सगळीकडे कठडा नसतो. खाडीत ओहोटीला गुडघाभर वाटणारं पाणी भरतीला डोक्यावर जातं. पावसाळ्यात समुद्रात पाय घालायचा नाही, मोठ्यांनीही नाही. घाटावरून आलेल्या माणसाला हे उलट मुलाकडूनच शिकावं लागतं. झील मला सांगायचा, कुठल्या खडकावर शेवाळ आहे, वारा कसा फिरला की दर्या बिघडतो. त्यानं शिकवलेलं मी मुकाट शिकले, आणि तो घरात मला काहीतरी देणारा झाला. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण तुम्ही ठरवून करा.

सापाचं थोडं लांबवते. कोकणात फुरसं भरपूर. लहान असतं, जांभ्याच्या दगडांत आणि पाचोळ्यात बसतं, आणि माणसं त्याला हलकं समजतात. चावलं तर वर घट्ट दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, चोखायची नाही. मुलाला चालू द्यायचं नाही, चावलेला हातपाय हलणार नाही असा ठेवायचा आणि १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. तुमच्या घरापासून असं जवळचं रुग्णालय कुठलं, हे राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा.

माझी चूक: प्रगतिपुस्तक

आता पायरी सोडून एक गोष्ट. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आलं. दुसऱ्या दिवशी सही करून द्यायचं होतं. बाबा बोटीवर, आजीला सही म्हणजे अंगठा. मी ‘पालकाची सही’ या रेषेवर माझी सही ठोकली. इंग्रजीत, झोकदार, ऑफिसात करतात तशी. मनात कुठेतरी आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, ‘ही सही कुणाची?’ झील उभा राहिला आणि काही बोलेना. बाईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण तीस पोरांसमोर त्याला माझं नातं सांगायची वेळ आली, ज्याला तोपर्यंत घरातसुद्धा नाव नव्हतं. त्यानं सांगितलं, ‘आमच्याकडे कामाला आहे.’ संध्याकाळपर्यंत ते वाडीभर झालं आणि त्यातले निम्मे हसले.

मला राग आला, मग लाज वाटली. त्यानं त्या क्षणी सापडलेला एकुलता एक खरा शब्द वापरला होता. मी त्याच्याकडे कामालाच होते. त्या सहीनं मी खलाशाची तांडेल व्हायला गेले होते. रात्री बाबानं त्याला जवळ घेऊन सांगितलं की सहीची चूक तायची, तुझी नाही. मी पण सांगितलं, ‘चुकले, परत तुला विचारल्याशिवाय करणार नाही.’ मोठ्या माणसानं मुलाची माफी मागण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. मागून बघा. दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेला, बाईंना भेटला, घरात कोण-कोण आहे आणि न्यायला-आणायला कोण येईल ते लिहून देऊन आला. हे जूनमध्येच करायला हवं होतं. तुम्ही करा.

पायरी ५: कागद आणि कायदा

माझा अनुभव आणि जी काही माहिती करून घेतली ती सांगते. कोर्टात प्रकरण चालू असेल तर वकिलालाच विचारा.

दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. उत्तराखंडात २०२५ पासून अशा राहण्याची नोंदणी सक्तीची झाली, महाराष्ट्रात तसा कायदा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही लागू होतो. पण असं नातं ठरवताना कोर्ट बघतं की दोघं लग्न करायला कायद्यानं मोकळे होते का. म्हणून वर म्हटलं, आधीचा घटस्फोट पुरा होऊ द्या.

मुलाच्या बाबतीत मात्र तुमची पाटी कोरी आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई. त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की यात सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे उद्या लग्न केलं तरी आपोआप पालकत्व मिळत नाही, आणि लग्नाशिवाय तर ‘सावत्र’ एवढंही नातं कायद्याला दिसत नाही. मुलाचा ताबा आणि भेटी कोर्टानं ठरवून दिल्या असतील तर त्या आदेशाची प्रत एकदा स्वतः वाचा. सुट्टीत मुलाला कुठे न्यायचं, किती दिवस, हे तुमच्या उत्साहानं मोडलं तर ते तुमच्या जोडीदारावर शेकतं. ताब्याच्या भांडणात कोर्ट मुलाचं हित बघतं. तुमच्या येण्यानं मूल विस्कटलंय असं दिसलं तर तो मुद्दा होऊ शकतो.

आता कामाचा कागद. झील तिसरीत असताना मागच्या दाराच्या जांभ्याच्या पायरीवर घसरून पडला, हनुवटी फुटली. मी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. केसपेपरवर ‘सोबत आलेल्याचं नातं’ असा रकाना होता. लिहिणाऱ्या मुलानं पेन धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘घरची.’ तो म्हणाला, ‘घरची म्हणजे?’ बाबाच्या फोनला रेंज नाही, तो दर्यात. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, जखम धुतली, त्यासाठी कुणी अडवलं नाही. पण टाके घालायच्या संमतीवर घरच्या कुणाची तरी सही हवी म्हणून आजीला शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून आणेपर्यंत पाऊण तास गेला. रकान्यात शेवटी त्यानं ‘ओळखीच्या’ असं लिहिलं. झीलनं ते वाचलं. त्याला तेव्हा नुकतीच जोडाक्षरं जमायला लागली होती.

त्यानंतर आम्ही एक पत्र करून ठेवलं. साध्या कागदावर, बाबाच्या अक्षरात. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, कशाची ॲलर्जी, चालू औषधं. मग: ‘माझ्या गैरहजेरीत तातडीच्या उपचारांसाठी मुलाला रुग्णालयात नेण्यास व आवश्यक ती संमती देण्यास मी खालील व्यक्तीला अनुमती देत आहे.’ खाली माझं नाव, पत्ता, आधारची प्रत. बाबाचा, आईचा आणि आजीचा फोन. सही, तारीख. दर जूनला नवीन करतो. या पत्रानं तुम्ही पालक होत नाही, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला रुग्णालय ते मानेलच असं नाही. पण रात्री अकरा वाजता ‘तुम्ही कोण?’ याला दाखवायला हातात काहीतरी असतं. एक प्रत घरात, एक मोबाईलमध्ये, एक शाळेत. आईलाही एक पाठवा. तिच्यापासून लपवून केलेला कागद पुढे भांडणाचा कागद होतो.

पैशाचं थोडक्यात. फी, विमा, बचत हे आई-बापाकडे राहू द्या. तुम्ही रोजच्या खर्चात वाटा उचला. पहिल्याच महिन्यात सायकल घेऊन देऊ नका. मुलाला ती हवी असतेच, पण तिच्यावर बसताना त्याला आईची आठवण आली तर ते कुणाला सांगणार?

पायरी ६: शरीराची हद्द

हे अवघड वाटलं तरी उघड बोला. विशेषतः तुम्ही पुरुष असाल आणि घरात मुलगी असेल तर. न्हाणीघराची कडी, कपडे बदलायची जागा, कोण कुठे झोपणार, हे राहायला जायच्या आधी ठरवा. मुलीला मांडीवर बसायला, पापी द्यायला कुणीही, आजीनंसुद्धा, सांगू नये. तिनं नको म्हटलं की नको. आणि मुलीच्या आईला म्हणेन: जोडीदारावर कितीही विश्वास असला तरी मुलीला एकटीनं तुझ्याशी बोलायची रोजची दहा मिनिटं हवीत, आणि ती काही सांगू लागली तर आधी ऐक. मुलगा असला तरी हेच. पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२ चा कायदा अठराच्या खालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलाला स्वतःला पाठ असावा. चांगला माणूस या बोलण्यानं दुखावत नाही. दुखावला तर तीही माहितीच आहे.

पायरी ७: दुसरं घर

झील मे महिन्यात आणि दिवाळीत डोंबिवलीला जातो. परत येतो तो तुतारी एक्स्प्रेसनं, सकाळी कुडाळला उतरतो. पहिल्या वर्षी मी स्टेशनवर गेले, उत्साहानं पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्यानं ओढून घेतली. घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही, जेवण नको, सगळ्यावर चिडचिड. मला वाटलं, आईनं माझ्याविरुद्ध काहीतरी भरवलं. तसं काही नव्हतं. एका घरातून दुसऱ्या घरात यायला त्याला दोन दिवस लागतात. आता आम्ही ते दोन दिवस मोकळेच ठेवतो. अभ्यास नाही, पाहुणे नाहीत, पेज-भात आणि तळलेला बांगडा. स्टेशनवर बाबाच जातो.

आईशी बोलणं शाळा आणि तब्येत एवढ्यावर ठेवा. आमचा तिघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात गुड मॉर्निंगसुद्धा नाही. ताप किती, पालकसभा कधी, गाडीचं तिकीट. मुलासमोर तिच्याबद्दल वावगा शब्द नाही, आणि कौतुकही उगाच नाही, मुलांना ते लगेच कळतं. त्याच्या हातात निरोप देऊ नका. पोर म्हणजे टपाल नाही.

पायरी ८: आजी, वाडी, गणपती

आजीशी स्पर्धा करायला जाल तर हराल, आणि हरायलाच हवं. मी तिच्याकडून शिकत गेले: कुळथाची पिठी, तिरफळं घालून तिखलं, पोराला खोकला झाला की काय. तिला विचारल्याशिवाय त्याच्या खाण्यात बदल केला नाही. वर्षभरानं ती मला विचारायला लागली, ‘आज तेका काय देवया?’

वाडीसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि तेच म्हणत राहा. ‘लगीन कधी?’ याला आमचं वाक्य: ‘ठरलं की पहिला लाडू तुम्हाला.’ खुलासे देत बसलात की प्रश्न वाढतात.

खरी परीक्षा गणपतीत. मुंबईचे चाकरमानी येतात, घर भरतं, आणि प्रत्येकाला मुलाच्या गालाला हात लावून विचारायचं असतं, ‘काय रे, नवी आवस (आई) कशी हा?’ हा प्रश्न मुलासाठी भयंकर आहे. चांगली म्हणालं तर आईशी बेइमानी, वाईट म्हणालं तर घरात पंचाईत. उत्तर मुलानं द्यायचं नाही. बाबानं किंवा आजीनं मध्ये पडायचं, आणि हे गणपतीच्या आधी ठरवून ठेवायचं. आमच्याकडे आजी पडली. वाटाणे सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, ‘आमच्या घरचा माणूस ता. अजून काय व्हया?’ तो विषय त्या वर्षापुरता मिटला.

गौरीच्या ओवशाचं राहिलं. नवी सून सुपं घेऊन ओवसा भरते, मी सूनही नाही आणि परकीही नाही. मी कुठे उभं राहावं हे कुणालाच कळेना. मी स्वतःहून सांगितलं, मी स्वयंपाकघर सांभाळते. मानाच्या जागेसाठी भांडू नका, निदान मुलाच्या समोर नको. तो सगळं बघत असतो आणि त्या भांडणात आपण कुणाच्या बाजूला, याचा हिशोब करत बसतो.

पायरी ९: दर हंगामाला कागद नवा

राज्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आमच्याकडे त्यामुळे वर्षाचे दोन तुकडे पडतात. जून-जुलैत बाबा घरी, जाळी शिवत पडवीत बसलेला. तेव्हा मी मागे सरते. शाळेत तो सोडतो, अभ्यास तो घेतो, झोपवतो तो. पहिल्या वर्षी मला हे लागलं होतं. नऊ-दहा महिने मी केलं आणि आता पोर माझ्याकडे बघतही नाही, असं. मग लक्षात आलं, त्याला बाबा वर्षात दोनच महिने पुरता मिळतो. ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या आसपास बोट परत पाण्यात गेली की शर्ट पुन्हा माझ्या खुर्चीवर येऊन पडतो.

तुमच्याकडे बोट नसेल, पण असे तुकडे असतील: आंब्याचा हंगाम, परीक्षा, कुणाची बदली. त्या त्या वेळी बसून कामं परत वाटा. मुलाला बसवून वाटा. वय वाढतं तसं कागद बदलतो. पाच वर्षांच्या आतलं मूल तुमच्याशी लवकर रुळतं, त्याला फक्त रोज तेच माणूस त्याच वेळी लागतं. तेरा-चौदाचं मूल कदाचित कधीच जवळ येणार नाही. त्याच्याशी चांगल्या भाडेकरूसारखं वागा, दार वाजवून आत जा, आणि त्यानं मैत्री केली तर ती वर्षातून चारदा होणारी गप्पांची मैत्री असेल हे धरून चाला.

झील आता पाचवीत आहे. यंदाच्या जूनचा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे लावलाय. डबा: ताय. गणवेश धुणे: ताय. गणवेश इस्त्री: झील, हे त्यानं स्वतः लिहिलं, आणि शेजारी कंसात ‘वीज असल्यास’. दूध आणणे: झील. आजीची औषधं: झील आणि ताय. प्रगतिपुस्तक: सही बाबाची, बाबा नसल्यास तायची. त्या ओळीवर आजीनं हळदीचं बोट पुसलंय, चुकून.